‘कन्फेशन केलं की सगळं माफ’ हे खरं नाही

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात माहीम, वांद्र्याच्या चर्चमध्ये पापनिवेदनाच्या, म्हणजे कन्फेशनच्या, रांगा दिसल्या की लोक सर्रास म्हणतात, ‘कॅथलिकांचं बरं आहे, वर्षभर काहीही करा, फादरना सांगा, पाटी कोरी!’ चर्चची शिकवण अशी नाही, उलट आहे.

पापक्षमेसाठी नुसतं सांगणं पुरत नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, आणि पुन्हा न करण्याचा निश्चयही. ‘पुढच्या महिन्यात परत करीनच’ असं मनात ठेवून घेतलेली क्षमा लागूच होत नाही, फादरनी शब्द उच्चारले तरी. निश्चय प्रामाणिक असून माणूस पुन्हा घसरला, तर मात्र आधीची क्षमा खोटी ठरत नाही. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

शिवाय नुकसानभरपाई. मासळीबाजारात काटा मारून किलोमागे पन्नास ग्रॅम कमी दिलं, तर तो पैसा परत करायचा. गिऱ्हाईक सापडत नसेल, तर तेवढी रक्कम गरिबांना द्यायची. सोसायटीत कुणाची बदनामी केली असेल, तर जिथे बोललो तिथेच खुलासा करायचा. हे सगळ्यात जड जातं.

प्राणघातक पाप, म्हणजे देवाशी असलेलं नातंच तोडणारं पाप, ठरायलाही तीन गोष्टी एकदम लागतात: बाब गंभीर, ती गंभीर असल्याची पूर्ण जाणीव, आणि स्वेच्छेने दिलेली संमती. भीती, दबाव, जडलेली सवय यांनी दोष कमी होऊ शकतो. पण ‘मला ठाऊकच नव्हतं’ ही सबब नेहमी चालत नाही; सदसद्विवेकबुद्धी घडवण्याची जबाबदारी ज्याची त्याची असते आणि जाणून घ्यायचा आळस केला, तर ते अज्ञानही दोषातच धरलं जातं.