न मागता जगणे: ब्रिस्टलपासून केडगावपर्यंत

मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी आपल्या विश्वासाच्या अनुभवाची साक्ष द्यायला उभे राहिले की ‘प्रभूने पुरवले’ हे शब्द बहुधा येतातच. मुलाची फी भरायची होती, हातात पैसा नव्हता, कुणाजवळ बोललो नाही, फक्त गुडघे टेकले, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाकीट आणून दिले. गरज, प्रार्थना, मौन आणि अनपेक्षित मदत अशी या साक्षीची चालही ठरलेली असते. यातले मौन मात्र बायबलमधून जसेच्या तसे आलेले नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी काढायला उघड उघड सांगितले होते, मासेदोनियाच्या मंडळ्यांनी किती दिले याची आठवणही करून दिली होती. माणसापुढे हात पसरायचा नाही, फक्त देवाजवळ मागायचे, ही शिस्त एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पक्की झाली. महाराष्ट्रात ती रुजली ती दुष्काळाच्या दिवसांत.

तिच्या मुळाशी असलेले वचन अर्थातच फार जुने आहे. खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, फौज यहूदावर चालून येणार हे कळल्यावर हबक्कूक संदेष्टा देवाशी वाद घालतो, आणि उत्तर मिळते की नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल. त्याच छोट्या पुस्तकाच्या शेवटी अंजीर फुलत नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी प्रभूच्या ठायी आनंद करीन असे तो म्हणतो. पौलाने हे वचन रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत घेतले, इब्री लोकांस पत्रातही ते आले. मार्टिन ल्यूथरला सोळाव्या शतकात त्याच वचनाने झपाटले. पण ल्यूथरचा प्रश्न पापी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो हा होता. उद्याची भाकरी कुठून येणार हा प्रश्न त्या वचनाला जोडला जायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

तो जोडला गेला जर्मनीतल्या हाले शहरात. आउगुस्ट हेरमान फ्रांके या पाळकाने तिथे १६९५ च्या सुमारास गरीब मुलांची शाळा आणि मग अनाथाश्रम काढला, तोही पुरेसा निधी हाताशी नसताना. याच हालेच्या वातावरणात तयार झालेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ हे मिशनरी १७०६ साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरले आणि भारतातले प्रॉटेस्टंट मिशनकार्य सुरू झाले. पुढे १८२० च्या दशकात हालेच्या विद्यापीठात जॉर्ज म्युलर नावाचा प्रशियन विद्यार्थी आला. उधळ्या आणि उधारी करणारा म्हणून त्याची ख्याती होती. धर्मशास्त्राच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सवलतीतून काही काळ तो फ्रांकेच्या अनाथाश्रमाच्या इमारतीतच राहिला.

म्युलर पुढे इंग्लंडला गेले. टेनमथच्या मंडळीत पाळक असताना १८३० साली त्यांनी ठरावीक पगार घेणे बंद केले. त्या काळी बसायच्या बाकांचे भाडे घेऊन पाळकाचा पगार निघे, आणि पैसेवाले पुढे व गरीब मागे बसत, हे त्यांना खटकले होते. त्याच वर्षी मेरी ग्रोव्हज यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मेरी यांचे भाऊ अँथनी नॉरिस ग्रोव्हज हे एक्सटरचे दंतवैद्य. चांगली चालणारी प्रॅक्टिस सोडून ते बगदादला गेले. ख्रिस्ती माणसाने साठवण करू नये असे सांगणारी त्यांची १८२५ ची पुस्तिका म्युलर यांच्यावर छाप पाडून गेली होती. बगदादच्या प्लेगमध्ये पत्नी गमावल्यावर १८३३ साली ग्रोव्हज मुंबईत उतरले आणि तिथून दक्षिणेकडे गेले. त्यांच्या सहवासात आलेले तमिळ प्रचारक जॉन ख्रिश्चन अरुलप्पन यांनी मिशनचा पगार न घेता काम केले, आणि १८६० साली त्यांच्या भागात मोठे संजीवन, म्हणजे श्रद्धेची सामूहिक नवजागृती, झाले. म्हणजे ही कल्पना भारतात साहेबांच्या बंगल्यातच राहिली असे नाही. मराठी मुलखात मात्र ती तेव्हा आली नाही. इथे अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून काम करत होते, आणि उपदेशक, शिक्षक, घरोघरी बायबल वाचून दाखवणारी बायबल-बाई या सगळ्यांना मिशनकडून पगार मिळे.

ब्रिस्टलमध्ये म्युलर यांनी १८३६ साली पहिले अनाथगृह उघडले. आदल्या वर्षी फ्रांकेचे चरित्र वाचून त्यांच्या मनाने उचल खाल्ली होती. मुलांना आसरा देणे हा हेतू होताच, पण पहिला हेतू वेगळा होता आणि त्यांनी तो लपवला नाही. देव आजही प्रार्थना ऐकतो याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा त्यांना उभा करायचा होता. नियम साधे होते: कर्ज काढायचे नाही, कुणाला मागायचे नाही, गरज किती आहे ते बाहेर सांगायचे नाही. अ‍ॅश्ली डाउनवर १८४९ ते १८७० या काळात पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. १८९८ साली म्युलर वारले तोवर दहा हजारांवर मुले त्यांच्या हाताखालून गेली होती. मुलांना द्यायला काही नसताना आश्रमाच्या दारातच दूधवाल्याची गाडी मोडली आणि दूध मुलांना मिळाले, ही गोष्ट प्रवचनांतून अजून फिरते. मला त्या गोष्टीपेक्षा त्यांच्या हिशेबाच्या वह्या जास्त बोलक्या वाटतात. पैन् पैची नोंद, आणि दरवर्षी छापील अहवाल. गरज आधी सांगायची नाही, पण ती कशी भागली ते नंतर छापून सांगायचे. अहवाल वाचणाऱ्याला पुढच्या वर्षीची गरज ओळखता येत नसे असे थोडेच आहे? यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. पण न मागण्याची ही पद्धत छापखाना आणि टपालखाते यांच्याशिवाय इतकी चालली नसती. हडसन टेलर यांनी १८६५ साली चीनसाठी काढलेल्या मिशनने हाच नमुना घेतला.

ही दोन माणसे पंडिता रमाबाईंना पुस्तकांतून भेटली. मराठी ख्रिस्ती इतिहासातला हा फार मोलाचा वाचनप्रसंग आहे. रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे की म्युलर, टेलर आणि पॅसिफिक बेटांवरचे मिशनरी जॉन पेटन यांची वृत्ते वाचून त्यांना प्रश्न पडला: परदेशात देवावर असे विसंबता येते, तर ते हिंदुस्थानात का येऊ नये?

हा प्रश्न विचारणारी बाई विसंबून जगण्याचा एक प्रकार लहानपणी पुरता भोगून आली होती. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थांमागून तीर्थे हिंडत. देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचे, श्रोते धान्य, कापड, पैसा ठेवतील त्यावर भागवायचे. भीक मागायची नाही आणि चाकरीही करायची नाही. गाठीला उरले ते ब्राह्मणांना दान देऊन पुण्य जोडायचे. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकायला कुणी उरले नाही. आई-वडील गेले, पुढे थोरली बहीणही गेली, आणि रमाबाई व श्रीनिवास ही भावंडे पायी देश तुडवत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. न मागता राहण्याची शिस्त त्यांना परकी नव्हती. देव पुरवतो असे म्हणणे सोपे असते हे त्यांना वाटले असण्याची शक्यता तर अजिबात नाही.

त्यांच्या आध्यात्मिक वाढीचा आलेखही सरळ नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर आठेक वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी स्वतःबद्दल लिहिले. मधल्या काळात काही कमी नव्हते. अमेरिकेचा दौरा झाला होता, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले होते, आणि बॉस्टनच्या मंडळाने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही हिंदू विधवा आणि मुलींची शाळा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यात हलली. सगळे रीतसर चालले होते. अंतर्बदलाचा अनुभव त्यानंतर आला, आणि त्याच्या पाठोपाठ अडचणीही आल्या. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात गदारोळ उठला, रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. शिवाय बॉस्टनच्या हमीची दहा वर्षे १८९८ ला संपणार होती.

रमाबाईंनी या तारखेची तयारी कशी केली हे पाहण्यासारखे आहे. पुणे–दौंड लोहमार्गावर केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या आणि फळझाडे लावली. हमी संपेल तेव्हा बागेचे उत्पन्न सुरू झालेले असावे असा हिशेब होता. त्याच सुमारास लोणावळ्याच्या मिशनरी शिबिरात त्या पंधरा विश्वासी मुलींना घेऊन गेल्या होत्या. तिथे त्यांनी या पंधरांच्या पंधरापट, म्हणजे सव्वादोनशे मुली, देवाजवळ मागितल्या. सदनात जेमतेम पन्नासेक मुलींची सोय असताना! १८९६–९७ चा दुष्काळ आला आणि रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःची उपासमार आठवत त्यांनी तिथून मुली आणल्या, आणि बघता बघता सव्वादोनशेचा आकडा मागे पडला. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुली ठेवू देईनात, म्हणून शेतावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता विश्वासाने जगणे म्हणजे रोज दोन हजार तोंडे. दळण, विणकाम, तेलघाणा, गोठा, शेत, छापखाना, सगळे मुलीच चालवत. अमेरिकेतले साहाय्यक मंडळ १८९८ नंतर नव्या रूपात चालू राहिले, आणि ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे पत्रक परदेशी वाचकांपर्यंत जात राहिले. रमाबाईंचा विश्वास म्युलर यांच्या नियमांत काटेकोर बसवता येत नाही, तसा आग्रहही धरू नये. ठरावीक पगाराची हमी नाही, उद्याची खात्री नाही, पण कुदळ खाली ठेवायची नाही असा तो होता.

१९०५ साली याला वेगळेच वळण लागले. वेल्समधल्या संजीवनाच्या बातम्या आल्या होत्या. त्याआधी मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना रमाबाईंनी ऑस्ट्रेलियातले संजीवन पाहायला धाडले होते. जानेवारीत सत्तरेक जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या, जूनपर्यंत त्या शेकड्यांत गेल्या. २९ जूनच्या रात्री एक मुलगी आग लागल्यासारखी ओरडत उठली, आणि शेजारची तिच्यावर ओतायला पाण्याची बादली आणायला धावली. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा पाठ घेत असताना सगळ्या जणी एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. मग रडणे, पापांची कबुली, तासन्‌तास प्रार्थना, आणि नंतर गटागटाने खेड्यांत सुवार्ता सांगायला जाणे. अनेक मिशनऱ्यांना हा गोंगाट पसंत पडला नाही. संजीवन भारतीयांकडे आले तर ते भारतीयांच्या स्वभावाला आणि भावनांना धरूनच येणार, ते पाश्चात्त्य शिस्तीत बसलेच पाहिजे असे नाही, असे रमाबाईंनी आपल्या पत्रकातून ठणकावले. वारीतला टाळ-मृदंग ऐकलेल्या मुलखात हे सांगावे लागले हेच नवल.

मुक्तीत अन्य भाषा बोलण्याचे, म्हणजे प्रार्थनेच्या भरात न शिकलेल्या भाषेत बोलू लागण्याचे, अनुभवही आले. पण तेच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एकमेव आणि आवश्यक चिन्ह आहे, हे रमाबाईंनी मान्य केले नाही. अब्राम्स यांनी १९०६ साली या अनुभवांवर लिहिलेली पुस्तिका त्यांच्या एका जुन्या वर्गमैत्रिणीकडे चिलीला पोचली. तिथल्या मेथडिस्ट मंडळीत हूव्हर दांपत्याभोवती १९०९ साली जे पेंटेकॉस्टल संजीवन उठले, त्याचा एक धागा केडगावातून गेलेला आहे. रमाबाईंनी स्वतःची शेवटची वर्षे मात्र सभा गाजवण्यात घालवली नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्या रोज रेटत राहिल्या. १९२१ साली मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि मुक्तीच्या छापखान्यातून ते संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

नारायण वामन टिळकांची वाट निराळी. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये कामाला होते. म्युलर त्यांचे आदर्श होते असे दिसत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. मिशनचा पगार घेणाऱ्या भारतीय ख्रिस्ती माणसाला देशबांधव परक्यांचा चाकर समजतात हे त्यांना बोचत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्तभक्त तिथे चालत. पगार सोडण्याच्या या कृतीत संन्यासाची छटा आहे आणि स्वराज्याचीही.

घरात त्या विश्वासाचा हिशेब लक्ष्मीबाईंना लागत असे. टिळक हातचे कुणालाही देऊन टाकत, आणि चूल पेटवायची जबाबदारी बायकोवर येई. त्यांच्या आठवणींत हे प्रसंग हसत सांगितलेले आहेत, म्हणून त्यातली ओढाताण कमी होत नाही. विश्वासाने जगलेल्या पुरुषांच्या चरित्रांत ही बाजू सहसा येत नाही. मेरी म्युलर यांनी अनाथगृहांच्या कपड्यालत्त्याचे आणि हिशेबाचे किती काम उपसले तेही शोधूनच वाचावे लागते. टिळक मे १९१९ मध्ये वारले. दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नव्हती आणि त्यांच्यामागे तो फार टिकला नाही. केडगावची मुक्ती आजही चालू आहे, अनेक देशांतल्या साहाय्यक मंडळांच्या आणि स्थानिक कामकऱ्यांच्या आधारावर.