पासष्टी, सत्तरी, पंच्याहत्तरी : म्हाताऱ्या माणसांच्या योजना आणि कागद

दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की गावात म्हातारी माणसंच उरतात. म्हणून कागद करायचे ते पोरं गावात असतानाच करा. नंतर तहसीलला घेऊन जायला कुणी नसतं.

पहिली श्रावणबाळ योजना. वय 65 पूर्ण, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत. (आजच्या मजुरीत एवढ्या उत्पन्नाचं घर सापडायचं कुठं, ते सोडा.) महिन्याला 1,500 रुपये मिळतात. विधवा किंवा निराधार बाईला संजय गांधी योजनेचा पगार चालू असेल, तर ती योजना 65 वर्षांच्या आतल्यांसाठी आहे, पासष्टीनंतर श्रावणबाळ. तो बदल झाला का, हे शाखेत जाऊन विचारा.

अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्यायचा. सोबत आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, तहसीलचा उत्पन्न दाखला, रहिवासी दाखला, पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो. मंजुरीनंतरही वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो.

घोडं अडतं ते जन्मतारखेवर. आमच्याकडं निम्म्या आजी-आजोबांचा जन्म आधारवर 1 जानेवारीचाच! तिथं वय चार वर्षांनी कमी पडलं असेल, तर शाळेचा दाखला शोधा आणि आधी आधार दुरुस्त करा. दुसरी भानगड खात्याची. डिसेंबर 2024 पासून पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. आजोबा जिल्हा बँकेत चकरा मारतात आणि पगार पडतो कुणीतरी पूर्वी काढून दिलेल्या दुसऱ्याच खात्यात. कोणतं खातं जोडलंय, ते बँकेत आधार दाखवून विचारा.

पुढं गरज पैशाकडून दवाखान्याकडं सरकते. सत्तरी झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, कागद फक्त आधार. एसटीला 65 पासून अर्धं तिकीट आणि 75 पूर्ण झाल्यावर मोफत प्रवास. कंडक्टरला आधार दाखवायचं.

कार्ड काढताना कोयता धरून घासलेली बोटं यंत्रावर उमटत नाहीत. आजी पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा दाबत राहते. ऑपरेटरनं "उद्या या" म्हटलं तर उठू नका. चेहऱ्यावरून किंवा आधारशी जोडलेल्या मोबाईलच्या ओटीपीवरूनही पडताळणी होते, ती करायला सांगा.