धनुर्वाताची लस : घोड्याच्या रक्तद्रवापासून टॉक्सॉइडपर्यंत

धनुर्वात हे नावच रोगाचे वर्णन करते: पाठीचे स्नायू आखडून रुग्णाचे शरीर धनुष्यासारखे मागे वाकते. लक्षणे प्राचीन वैद्यांनाही ठाऊक होती, कारण मात्र 19व्या शतकाच्या अखेरीस उलगडले. 1884 मध्ये जर्मन वैद्य निकोलायर यांनी मातीचे नमुने टोचून प्राण्यांमध्ये हा रोग निर्माण केला, त्यामुळे दोष गंजाचा नसून मातीतल्या जंतूंचा आहे हे दिसून आले (गंजलेल्या खिळ्याची बदनामी अजूनही थांबलेली नाही, ते वेगळे). 1889 मध्ये जपानी जीवाणुशास्त्रज्ञ कितासातो यांनी बर्लिनमध्ये हा जंतू वेगळा केला. त्यांनी मिश्र संवर्धन 80 अंश सेल्सियसपर्यंत तापवले. इतर जंतू मेले, धनुर्वाताचे चिवट बीजाणू तेवढे उरले आणि ते प्राणवायू वगळून हायड्रोजनमध्ये वाढवण्यात आले.

लगेच पुढच्या वर्षी जर्मन वैद्य बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की, या जंतूने तयार केलेले विष टोचून प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याचे रक्षण करू शकतो. त्यानंतर घोड्यांपासून प्रतिविष (जंतूचे विष निष्प्रभ करणारा रक्तद्रव) तयार होऊ लागले आणि पहिल्या महायुद्धात खत घातलेल्या शेतजमिनीत खणलेल्या खंदकांतून येणाऱ्या जखमी सैनिकांना ते सर्रास दिले गेले. मात्र हे संरक्षण काही आठवडेच टिके आणि घोड्याची प्रथिने अनेकांना सोसत नसत. पुरळ, ताप, सांधेदुखी आणि क्वचित जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होई.

उत्पादनावर देखरेख का हवी, याचा धडा त्याआधीच मिळाला होता. 1901 मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहरात जिम नावाच्या घोड्यापासून घटसर्पाचे प्रतिविष काढले जात होते. त्या घोड्यालाच धनुर्वात झाला आणि त्याला मारावे लागले, तरीही आजारपणाच्या सुमारास काढलेला त्याचा रक्तद्रव बाटल्यांत भरून वापरला गेला व 13 मुले दगावली. 1902 मध्ये अमेरिकेत जैविक औषधांच्या उत्पादनावर परवाना आणि तपासणीचे बंधन घालणारा कायदा झाला, त्यामागे ही घटना होती.

खरी कलाटणी 1920 च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मिळाली. फ्रेंच संशोधक रामाँ यांनी फॉर्मेलिन आणि उष्णतेने जंतुविषाची मारक शक्ती काढून घेतली, पण प्रतिकारशक्ती जागवण्याचा त्याचा गुण टिकवला, हेच टॉक्सॉइड. त्यात जिवंत जंतू नसल्याने लसीमुळे धनुर्वात होणे शक्य नाही. उलट प्रत्यक्ष रोगात विषाची मात्रा इतकी सूक्ष्म असते की, बरा झालेला रुग्णही प्रतिकारक्षम होत नाही आणि त्यालाही लस घ्यावीच लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने आपल्या सैनिकांना टॉक्सॉइड दिले, तेव्हा संपूर्ण युद्धात धनुर्वाताच्या फक्त 12 रुग्णांची नोंद झाली. गर्भवतींना ही लस दिल्यास आईची प्रतिपिंडे (विषाला निष्प्रभ करणारी रक्तातील प्रथिने) बाळाकडे जातात. नवजात धनुर्वाताचे मृत्यू 1988 मध्ये अंदाजे 7,87,000 होते, ते 2018 मध्ये सुमारे 25,000 वर आले. यात या डोसांइतकाच स्वच्छ प्रसूतीचा आणि नाळेच्या निगेचाही वाटा आहे.

लस निर्धोक ठरली तसा अतिवापर सुरू झाला. प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन देण्याच्या सवयीने काहींचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजू लागला, कारण रक्तात आधीच भरपूर प्रतिपिंडे होती. म्हणूनच प्राथमिक डोस पूर्ण झालेल्यांना स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसाला 10 वर्षे, तर मातीने माखलेल्या किंवा खोल जखमेसाठी 5 वर्षे झाली असतील तरच बूस्टर देण्याची पद्धत रूढ झाली. साठवणीचा नियमही असाच काटेकोर आहे: 2 ते 8 अंश. लस गोठली की तिच्यातील अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांच्या गुठळ्या होतात. अशी कुपी हलवून ठेवली तर गाळ झपाट्याने तळाशी बसतो, आणि ती टाकूनच द्यावी लागते.

घोड्याच्या प्रतिविषाची जागा पुढे बहुतेक ठिकाणी मानवी इम्युनोग्लोब्युलिनने (माणसाच्या रक्तातून मिळवलेल्या तयार प्रतिपिंडांनी) घेतली. ज्याचे लसीकरण अपुरे आहे आणि जखम मातीने माखलेली आहे, अशा रुग्णाला आज दोन्ही दिले जाते: एका दंडात तत्काळ रक्षण करणारे इम्युनोग्लोब्युलिन आणि दुसऱ्या दंडात टॉक्सॉइडचा पहिला डोस.