कार्डावरचा ग्रे भिंतीवर निळा काहून दिसते?

नागपुरात हल्ली नवीन फ्लॅटमधे एक तरी भिंत ग्रे असतेच आणि तक्रारही ठरलेलीच, "भाऊ, शेड कार्डावर तर मस्त ग्रे होता, आता निळा काहून दिसून राहिला?" पेंटर म्हणतो दुकानात टिंटिंग (मशीनवर रंग मिसळणं) चुकलं, दुकानदार म्हणतो पेंटरनं पाणी जास्त टाकलं. बरेचदा दोघंही निर्दोष असतात, भानगड खोलीतच असते.

आधी डब्यातलं पाहू. पांढऱ्या बेसमधे मशीन काळं स्टेनर (मिसळायचा घट्ट रंग) सोडते, पण नुसतं काळं-पांढरं मिसळलं की ग्रे बरेचदा निळसर झाक मारतो, म्हणून त्यात थोडं पिवळं किंवा लाल ऑक्साईडही पडतं. म्हणजे एकदम कोरा ग्रे मिळणं कठीणच, कुठली ना कुठली झाक राहतेच. कार्डाच्या दोन बोटं तुकड्यावर ती कळत नाही, खोलीत मात्र वाढते, आणि हे नुसतं मनाचं नाही, याचं गणित आहे. समजा तुमचा ग्रे निळा उजेड 50 टक्के परत फेकतो आणि लाल 47 टक्के. म्हणजे लालाच्या तुलनेत निळा 6 टक्के जास्त, कार्डावर कोण पाहते! पण खोलीत उजेड एकदाच आपटून थांबत नाही, या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो, तिथून परत येतो, आणि दर वेळी लाल थोडा जास्त गिळला जातो. सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली तर निळा 100 आणि लाल साधारण 89 भरतो, म्हणजे लालाच्या तुलनेत निळ्याची आघाडी 6 ची जवळपास 13 टक्के झाली. छत पांढरं आणि फरशी वेगळी असते म्हणून प्रत्यक्षात इतका होत नाही, पण चारही भिंतींना एकच ग्रे मारला तर जातो त्याच दिशेनं.

घरीच पाहायचं असेल तर एका पुठ्ठ्याला दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या (ओला इमल्शन पेंट फिका दिसतो, वाळला की गडद होतो) आणि मधोमध पुस्तकासारखा दुमडून घडीच्या आत डोकावा. तिथे जी झाक दिसेल, खोली तिकडेच झुकणार.

हा पुठ्ठा जुन्या पिवळ्या भिंतीला टेकवून मात्र पाहू नका. पिवळ्याशेजारी ग्रे उगाच निळसर-जांभळा वाटतो. पॅरिसच्या गोब्लाँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली तेव्हा मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं शोधून काढलं की रंगात खोट नाही, शेजारचे रंग डोळ्याला फसवताहेत, आणि 1839 मधे त्यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. म्हणून पुठ्ठ्यामागे मोठा पांढरा कागद धरा.

आता खिडकी. आपल्याकडे लोक दिवाळीच्या तोंडावर रंग काढतात, आणि त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतच नाही, नुसता आकाशाचा निळसर उजेड. नागपूर 21 अक्षांशावर असल्यानं 26 मेच्या आसपास दुपारी सावली पायाखाली जाते आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क किंचित उत्तरेला असतो, उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही त्या खिडकीला लागतं. म्हणजे ऑक्टोबरमधे थंड वाटलेला ग्रे मे महिन्यात वेगळाच भासू शकतो. रात्रीचं तर विचारूच नका, 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, डब्यावर लिहिलेलं असतं) पांढऱ्या एलईडीखाली निळा, 3000 च्या पिवळसर बल्बखाली मातकट. माझ्या मते बल्ब आधी ठरवावा, रंग मग.

किती गडद घ्यावा? काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही देतात, म्हणजे 100 पैकी किती उजेड परत येतो तो आकडा. डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोब्बर मधला वाटणारा ग्रे 50 नाही, फक्त 18 च्या आसपास असतो! तो चारही भिंतींना मारला तर भर दुपारी ट्यूबलाईट लावावी लागेल, हॉलसाठी 40 ते 50 मधला बरा.

आणि बाहेरून, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला, मीडियम ग्रे मारायचा विचार असेल तर राहू द्या बाप्पा. काळ्या स्टेनरमधला कार्बन दिसणारा उजेड तर पितोच, उन्हातलं न दिसणारं इन्फ्रारेडही पितो, अन् मे महिन्यात ती भिंत रात्रीपर्यंत आत गरमी सोडत राहते, कूलर कितीही फिरवा.