चार खडकाळ ग्रह आणि पोटातली धग

बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ या चौघांना एकाच पारड्यात घातलं, तरी वजन भरतं पृथ्वीच्या जेमतेम दुप्पट. एकटा गुरू पृथ्वीच्या ३१८ पट आहे! सूर्याजवळची जागा मिळाली, पण माल फार थोडा मिळाला. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत होती. आतल्या बाजूला एवढी उष्णता होती की पाणी, अमोनिया, मिथेन यांचं बर्फ तिथे टिकेना. घन राहिले ते धातू आणि खडक, आणि त्यांचा साठा मुळातच कमी होता.

जुळून येताना हे गोळे वितळले. जड लोखंड तळाला गेलं, हलका खडक वर आला. गाभा, त्यावर प्रावरण, वर पातळ कवच ही रचना चौघांचीही सारखीच. मग पुढे ते इतके वेगळे कसे झाले? बरंचसं उत्तर पोटातल्या धगीत आहे. पातेल्यातल्या पाण्यापेक्षा वाटीतलं पाणी लवकर निवतं, तसंच लहान ग्रहाचं.

मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याइतकं. त्याच्या गाभ्यातल्या द्रव लोखंडाची घुसळण मंदावली आणि सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वी चुंबकक्षेत्र विझलं. त्याच्या खुणा दक्षिण गोलार्धातल्या जुन्या खडकांत अजून चुंबकत्वाच्या रूपाने शिल्लक आहेत. चुंबकक्षेत्राची ढाल गेली, गुरुत्व आधीच तोकडं. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने हवा हळूहळू उडवून नेली. आज तिथला हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. ‘गाभा गोठला’ असं सरसकट म्हटलं जातं, ते मात्र खरं नाही. २०१८ साली उतरलेल्या इनसाइट यानाने तिथल्या भूकंपांच्या लहरी टिपल्या, आणि गाभ्याचा बराच भाग अजून द्रवच असल्याचं दिसलं. लोखंड नुसतं वितळलेलं असून भागत नाही, ते ढवळलंही जावं लागतं.

इथवर हिशेब सरळ वाटतो. पण बुध तो मोडतो. तो मंगळाहून लहान, तरी त्याला चुंबकक्षेत्र आहे. क्षीण, पृथ्वीच्या सुमारे एक टक्का, पण आहे. हा ग्रह म्हणजे पातळ सालीचा लोखंडी गोळाच: २,४४० किलोमीटरच्या त्रिज्येपैकी साधारण २,००० किलोमीटर नुसता गाभा. निवताना तो आक्रसला, त्रिज्या काही किलोमीटरांनी घटली आणि पृष्ठभागावर लांबच लांब कडे उभे राहिले. एखाद्या प्रचंड टकरीत त्याचं प्रावरण उडालं असावं, ही जुनी कल्पना. मेसेंजर यानाला तिथे पोटॅशियम आणि गंधक भरपूर सापडलं. अशा टकरीच्या उष्णतेत ते उडून जायला हवं होतं, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही.

मला मात्र सर्वांत गोंधळात टाकतो तो शुक्र. आकाराने पृथ्वीच्या ९५ टक्के, म्हणजे धगही तेवढीच हवी. तरी स्वतःचं चुंबकक्षेत्र नाही. स्वतःभोवती एक फेरी घ्यायला त्याला २४३ दिवस लागतात, हे कारण पूर्वी पुढे केलं जाई. आता संशयाची सुई कवचाकडे वळली आहे. पृथ्वीचं कवच तुकड्यांत फुटलेलं आहे. थंड तुकडे खाली बुडतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि गाभा घुसळत राहतो. शुक्राला असे सरकते तुकडे नाहीत. झाकण घट्ट बसलं आहे, गाभा पुरेसा निवत नाही, म्हणून ढवळतही नाही, असा हा तर्क. निवण्याची घाई मंगळाला नडली, तर शुक्राला न निवणं नडलं असावं.

तिथे जाऊन पाहणं सोपं नाही. ४६५ अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या ९२ पट दाब. १९८२ मध्ये व्हेनेरा १३ हे सोव्हिएत यान तिथे १२७ मिनिटं तग धरू शकलं. पण २०२३ मध्ये मॅगेलन यानाची १९९१ सालची रडारचित्रं पुन्हा चाळताना एक गोष्ट हाती लागली. माट मॉन्स पर्वताजवळच्या एका ज्वालामुखीच्या मुखाचा आकार आठ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत बदललेला होता. म्हणजे झाकणाखाली अजून उकळतं आहे, आणि त्याचा पुरावा तीस वर्षं साठवलेल्या चित्रांतच पडून होता.