आवार एकच, शाळा दोन: अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित हायस्कूल

रयत शिक्षण संस्थेचं हायस्कूल सरकारी नव्हे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. जिल्हा परिषदेच्या बऱ्याचशा शाळा चौथी किंवा सातवी-आठवीला संपतात, आणि ग्रामीण भागात नववी-दहावी मुख्यतः खासगी संस्थांच्या अनुदानित हायस्कुलातच होते. संस्था खासगी, शिक्षकांचा पगार शासनाचा. यावर आणखी शब्द खर्चायला नकोत.

खरा घोळ पुढे आहे. ‘शाळा अनुदानित आहे’ एवढं ऐकून पालक निर्धास्त होतात. पण अनुदान तुकडीनिहायही पाहावं लागतं. त्याच इमारतीत, त्याच मुख्याध्यापकांच्या सहीने चालणारी ‘क’ तुकडी विनाअनुदानित असू शकते. पट वाढला, जादा तुकडीला मान्यता मिळाली, अनुदान मात्र मिळालं नाही, असं होतं. तिथल्या शिक्षकाचा पगार संस्था देते, तो बहुधा तुटपुंजा असतो, आणि गणित-विज्ञानाचा माणूस दुसरीकडे संधी मिळताच अर्ध्या वर्षात निघून जातो. दहावीच्या वर्गाला हे फार महागात पडतं.

स्वयंअर्थसहाय्यित शाळा ही वेगळीच गोष्ट. ती २०१२च्या कायद्याखाली सुरू होते, शासनाचं अनुदान तिला मिळतच नाही. ती अनुदानित शाळेच्याच आवारात असली, फाटकावर संस्थेची तीच पाटी असली तरी तिचा यू-डायस क्रमांक, म्हणजे शासनाकडचा शाळेचा ओळख क्रमांक, स्वतंत्र असतो. म्हणून आधी दोन्ही शाळांचे ११ अंकी क्रमांक मागा. क्रमांक वेगळे, तर शाळा वेगळ्या. क्रमांक एकच असेल तरी थांबू नका, कारण विनाअनुदानित तुकडी त्याच क्रमांकाखाली लपते. प्रवेशाआधी कार्यालयात सरळ विचारा: ‘ही तुकडी अनुदानित आहे का? मान्यतेचं पत्र आणि संच मान्यता (शासनाने मंजूर केलेल्या शिक्षकपदांचा तक्ता) दाखवा.’ फीची पावतीही नीट वाचा. ‘विकास निधी’, ‘देणगी’ अशा मोघम नावाने मोठी रक्कम दिसली तर तिचा खुलासा लेखी घ्या. आणि सेमी इंग्रजी म्हणजे विनाअनुदानित, हा समज सोडा. मराठी माध्यमाच्या अनुदानित तुकडीतही गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवता येतं.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागेवर विनाअनुदानित शाळेत शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ती सवलत आठवीपर्यंतच. नववीपासून फी भरावी लागते, तेव्हा अनुदानित हायस्कुलाची चौकशी सातवीतच करावी, आठवीच्या निकालानंतर नव्हे.

निकालाच्या फलकांचा मला राग येतो. समजा एका शाळेत ४० पैकी ४० उत्तीर्ण, पण २८ जण ४५ टक्क्यांच्या आत. दुसरीत १२० पैकी १०८ उत्तीर्ण, त्यातले ५० विशेष प्राविण्यात. फलक पहिलीच्या फाटकावर लागतो, पण मूल दुसरीत घालावं. मंडळाच्या शाळानिहाय निकालपत्रकात श्रेणीनुसार आकडे असतात, तेच पाहा. शिवाय आदल्या वर्षीचा नववीचा पट विचारा. नववीत ५५ आणि दहावीला ४० बसले, तर उरलेले १५ कुठे गेले? नववीत नापास केले, दाखला देऊन वाटेला लावले, की १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितलं? मुख्याध्यापक हे आकडे तोंडावर सांगत असतील, तर ती शाळा मी आधी निवडेन.