पोचा, चरा की तडा?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रस्त्यांवर सकाळच्या वेळी गिअरच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या सायकली दिसू लागल्या, तशी दुकानांत एक प्रश्नही येऊ लागला. सायकल आडवी पडली, हँडल गर्रकन फिरून वरच्या नळीवर आपटलं आणि तिथे पोचा पडला. आता चालवावी की नाही? उत्तर बहुतेक वेळा जुन्या अनुभवातून येतं: "काही होत नाही, आमच्या काळ्या सायकलीला असे किती पोचे होते!" दुधाचे कॅन आणि चाऱ्याचे भारे वाहणारी ती सायकल असे पोचे खरंच पचवत असे. पण ती पोलादाची होती. तिच्यावरून बांधलेला अंदाज अ‍ॅल्युमिनियमला लावणं धोक्याचं आहे.

फरक कळतो तो धातूच्या थकव्यातून. भुसावळच्या लोकांना हा विषय जवळचा वाटावा, कारण त्याचा पद्धतशीर अभ्यास रेल्वेच्या आसांवर झाला. 19व्या शतकात युरोपात गाड्यांचे आस, भार मर्यादेत असूनही, काही वर्षं चालून अचानक तुटत. जर्मनीत आउगुस्ट व्योलर यांनी 1850 ते 1870 च्या दरम्यान असे आस यंत्रावर पुन्हा पुन्हा भार देऊन तपासले. एका दमात तोडायला जेवढं बळ लागतं त्याहून खूप कमी बळ लाखो वेळा दिलं, तरी धातूत बारीक तडा जन्मतो आणि हळूहळू वाढत जातो. पोलादाला यात एक मोठा दिलासा आहे. ताण ठराविक मर्यादेखाली राहिला, तर कितीही फेऱ्या झाल्या तरी ते सहसा तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. सायकलीत सर्रास वापरला जाणारा 6061-टी6 हा मिश्रधातू एकदाच ताणला तर सुमारे 275 मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) पर्यंत कायमचा वाकत नाही, पण 50 कोटी फेऱ्या टिकायचं असेल तर ताण 95 च्या आसपासच ठेवावा लागतो.

आपण फ्रेमला किती फेऱ्या देतो? मिनिटाला पायडलचे 80 फेरे धरले तर तासाला 4,800 होतात. प्रत्येक फेऱ्यात दोन्ही पायांचा जोर एकेकदा येतो, म्हणजे 9,600 दाब. वर्षाला 250 तास सायकल चालवणाऱ्याची फ्रेम 24 लाख दाब सोसते, आणि यात खड्डे धरलेले नाहीत. चांगल्या बनावटीची फ्रेम हे सगळं निभावते, कारण तिच्या नळ्या जाड व्यासाच्या असतात आणि जोडांपाशी त्यांचा पत्राही जाड ठेवलेला असतो. मध्यभागी मात्र तो पातळ असतो, म्हणून पोचाही तिथेच सहज पडतो.

एखादी खूण हा हिशेब कुठे बिघडवते, हे 1913 मध्ये सी. ई. इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने गणिताने दाखवलं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लांबट आणि टोकदार होत गेलं, तर टोकापाशी तो कितीतरी पटींनी चढतो. म्हणजे खूण किती मोठी आहे यापेक्षा तिचं टोक किती धारदार आहे, हे महत्त्वाचं. माझ्या मते सगळा निवाडा इथेच आहे. बोटभर रुंद, उथळ, गुळगुळीत कडांचा पोचा वरच्या नळीच्या मध्यावर असेल आणि रंगाखाली चीर नसेल, तर तो बहुधा निभतो. जोडाजवळचा, घडी पडल्यासारखा, धारेचा छोटासा पोचा त्याहून कितीतरी वाईट.

चऱ्यालाही हाच नियम. त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा बहुधा रंगातच आहे. अडकत असेल आणि चरा नळीला आडवा, वेढा घातल्यासारखा असेल, तर काळजी करा. नळीच्या लांबीत गेलेला चरा तुलनेने सौम्य. कॅरिअरचा क्लॅम्प आवळून पडलेली खूण मला नेहमी संशयास्पद वाटते, कारण ती नेमकी आडवी असते.

समोरून आपटलेल्या सायकलीत पहिल्यांदा हेडच्या, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात बसतो त्या पुढच्या आखूड नळीच्या, मागे पाहा. वरच्या किंवा तिरप्या नळीच्या खालच्या अंगावरून बोटं फिरवली आणि लाट किंवा सुरकुती लागली, तर फ्रेम संपली. तिथे मोजमापाची गरज नाही. तोरणमाळच्या घाटात उतारावर ती नळी तुटली तर सावरायला वेळच मिळत नाही.

तडा ओळखणं अवघड, कारण पोलादातला तडा पुष्कळदा गंजाची तांबूस रेघ दाखवतो आणि अ‍ॅल्युमिनियम तांबूस गंजत नाही. फ्रेम धुऊन, पुसून, उन्हात भिंगाने पाहा: हेड, सीटपोस्टची खाच, बी.बी.चे (पायडलचा आस बसतो त्या नळीचे) जोड, मागच्या चाकाचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा). केसासारखी काळसर रेघ दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना मार्करने खुणा करून तारीख लिहा, फोटो काढा, आणि सायकल चालवणं थांबवा. तडा रंगात आहे की धातूत, हे डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टने कळतं. लाल द्रव चिरेत मुरवायचा, वरचा पुसायचा, पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर लाल रेघ उमटते. फॅब्रिकेशनच्या कामात ही चाचणी नेहमीची आहे, तिचे डबे मिळतात. त्या जागेचा रंग मात्र आधी खरवडावा लागतो. धातूतला तडा नक्की झाला, की ती फ्रेम चालवायची नाही.

"आर्गनने वेल्डिंग करून देतो," असं कोणी सांगेल. वेल्डर कुशल असेल, पण अडचण त्याच्या हाताची नाही. 6061 ला ताकद येते ती सुमारे 530 अंशांना तापवून, पाण्यात विझवून, मग 160 ते 175 अंशांना कित्येक तास ठेवल्याने. त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. वेल्डिंगच्या आचेने जोडालगतची ही रचना मोडते आणि तिथली ताकद निम्म्याच्या आसपास येते. पुन्हा सगळी फ्रेम भट्टीत घातल्याशिवाय ती परतत नाही. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हाने मात्र फ्रेमला काहीही होत नाही, ती भीती सोडा.

ठोकून सरळ करणं ही काळ्या सायकलीची दुसरी सवय. अ‍ॅल्युमिनियमची तार पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते, तेच वाकलेल्या नळीतही होतं. अपवाद फक्त मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाच्या) हँगरचा, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो त्या पट्टीचा. बहुतेक सायकलींत तो सुटा आणि मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे मार त्याने खावा आणि फ्रेम वाचावी. तो वाकला तर हलक्या हाताने सरळ करता येतो, पण बदलणं उत्तम.

तडा गेलेली फ्रेम भंगारात देताना हेडजवळ आरीने कापून द्या. नाहीतर कोणीतरी ती रंगवून, नवी चाकं लावून शाळेत जाणाऱ्या पोराला देतो.